जुन्या ब्रिटिश बाइकची फ्रेम नेमकी कोणत्या सालची? नंबर वाचण्याआधी या गोष्टी बघा

इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे मोठमोठे बाजार भरतात. तिथे त्यांना ‘ऑटोजंबल’ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या बाजारासारखंच चित्र असतं. जमिनीवर ताडपत्री, त्यावर गंजलेल्या टाक्या, मडगार्ड, कार्बोरेटर आणि मागे भिंतीला टेकून ठेवलेल्या चारदोन फ्रेम. समजा, त्यातली एक फ्रेम दाखवून विक्रेता सांगतो, “ही ट्रायम्फ बॉनव्हिलची, १९५९ ची. पहिल्या वर्षाची!” फ्रेमवर नंबरही आहे. किंमत अर्थातच तशीच आहे.

जाणकार माणूस नंबर वाचायला वाकतसुद्धा नाही. हेडस्टॉकपासून खाली इंजिनाकडे येणाऱ्या नळ्या तो फक्त मोजतो. एक असेल तर बोलणं पुढे जातं. दोन असतील तर ती फ्रेम १९५९ ची नाही, विषय संपला. कारण ट्रायम्फच्या ६५० सीसी गाड्यांना पुढे दोन नळ्या असलेली ‘डुप्लेक्स’ फ्रेम १९६० च्या मॉडेलपासून मिळाली आणि ती १९६२ पर्यंतच टिकली.

आज याच पद्धतीची ओळख करून घेऊ. जुनी ब्रिटिश फ्रेम हातात आली, तर ती कोणाची आणि कधीची हे कसं शोधायचं?

पण एवढं महत्त्व फ्रेमलाच का?

मोटरसायकलचं इंजिन बदलतं, चाकं बदलतात. टाकी आणि सीट तर कपड्यांसारखी बदलली जाते. ५०-६० वर्षं धावलेल्या गाडीत मूळचं काय उरलंय हा प्रश्नच असतो. या सगळ्यात फ्रेम हा सहसा न बदलणारा भाग. म्हणूनच ब्रिटनमध्ये काय किंवा आपल्याकडे आरसी बुकात काय, गाडीची ओळख मुख्यतः फ्रेम नंबरवरून, म्हणजे आपल्या भाषेत चेसिस नंबरवरून ठरते. ब्रिटनमध्ये जुन्या गाडीचं वय आणि ओळख सिद्ध झाली नाही तर तिला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारी नंबर प्लेट दिली जाते. ही गाडी नेमकी कोण ते माहीत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. अशा गाडीची किंमत किती पडते ते वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण व्यावहारिक आहे. रिस्टोरेशन म्हणजे त्या सालचे, त्या मॉडेलचे भाग गोळा करणं. सुरुवातीलाच फ्रेमचं साल चुकलं, की टाकी बसत नाही, मडगार्डचे स्टे जुळत नाहीत, इंजिन प्लेटची भोकं समोरासमोर येत नाहीत. दोन-तीन वर्षं परदेशातून भाग मागवून झाल्यावर हे कळणं फार महाग पडतं.

आधी आकार, मग सांधे, नंबर सगळ्यात शेवटी

बहुतेक लोक उलट करतात. नंबरचा फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात आणि विचारतात, “हे साल कोणतं?” अडचण अशी, की संपूर्ण फ्रेमवर खोटं करायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे नंबरच. अक्षरांचे पंच कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. नळीचा आकार बदलणं मात्र सोपं नसतं.

त्यामुळे आधी दोन पावलं मागे सरकून पूर्ण फ्रेम बघा. काही खुणा ढोबळ असतात, पण दशक ठरवायला पुरतात.

वरची नळी एक आहे की एकाखाली एक अशा दोन? १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत ब्रिटिश गाड्यांची पेट्रोल टाकी चपटी असायची आणि दोन आडव्या नळ्यांच्या मध्ये अडकवलेली असायची. त्यानंतर नळीवर खोगिरासारखी बसणारी ‘सॅडल टँक’ रूढ झाली आणि फ्रेमचा वरचा भागच बदलला.

मागचं चाक कसं धरलंय? मागचा त्रिकोण पूर्ण बंद असेल आणि सस्पेन्शनची काहीच सोय नसेल, तर ती ‘रिजिड’ फ्रेम. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक गाड्या आणि त्यानंतरची काही वर्षंही अशाच फ्रेम निघत होत्या. मागच्या टोकाला दोन उभ्या नळकांड्या असतील आणि चाकाचा अ‍ॅक्सल त्यांतच वर-खाली होत असेल, तर ते ‘प्लंजर’. ही सोय मुख्यतः १९४० च्या दशकाचा शेवट आणि १९५० च्या दशकाची सुरुवात या काळातली. आणि आपले मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात तो स्विंगआर्म असेल, वर दोन शॉकअप बसवायची सोय असेल, तर फ्रेम बहुधा १९५० च्या दशकाची किंवा नंतरची. ट्रायम्फने मधल्या काळात एक वेगळीच वाट काढली होती. फ्रेम रिजिडच ठेवून स्प्रिंगा थेट मागच्या चाकाच्या हबमध्ये घातल्या. हा ‘स्प्रंग हब’ उघडताना आतल्या दाबलेल्या स्प्रिंगा जोरात उडतात, त्यामुळे योग्य अवजारांशिवाय त्याला हात लावू नये.

इंजिनाखालून नळ्या जातात का, हेही बघा. रॉयल एनफील्ड बुलेटच्या फ्रेममध्ये इंजिनाखाली नळी नसते, इंजिनच पुढचा आणि मागचा भाग जोडणारा दुवा असतो. बीएसएच्या ६५० मध्ये मात्र दोन नळ्या पाळण्यासारख्या इंजिनाखालून फिरतात.

आता जवळ जा. नळ्या एकमेकींना कशा जोडल्यात? जुन्या पद्धतीत नळीचं टोक बिडाच्या सांध्यात, म्हणजे ‘लग’मध्ये, घालून पितळी झाळ दिलेली असते. सांध्यापाशी जाड गाठ दिसते. बीएसए आणि ट्रायम्फने ही पद्धत बराच काळ वापरली. नॉर्टनच्या प्रसिद्ध ‘फेदरबेड’ फ्रेममध्ये अशी गाठ दिसत नाही, नळ्या थेट एकमेकींना जोडलेल्या असतात.

या लगांवर अनेकदा उठावदार आकडे असतात. ते साच्यातून आलेले कास्टिंग नंबर. हजारो फ्रेमवर तेच आकडे असतात, त्यावरून ती एक गाडी किंवा तिचं साल कळत नाही. ग्रुपवर येणाऱ्या ‘नंबर सापडला!’ छाप फोटोंपैकी कितीतरी या कास्टिंग नंबरचेच असतात. फरक सोपा आहे. उठलेला आकडा कास्टिंगचा, खोल ठोकलेला आकडा गाडीचा. तरी कास्टिंग नंबर टाकाऊ नाहीत. बीएसएच्या भागांचे नंबर दोन आकडी गटाने सुरू होतात. ६८ असेल तर भाग ए६५ कुटुंबाचा, ४० असेल तर सी१५ चा, ९० असेल तर छोट्या बँटमचा. मॉडेल शोधताना ही मोठी मदत होते.

ट्रायम्फ ६५०: शिकायला सगळ्यात चांगलं उदाहरण

एक कंपनी नीट समजली की बाकीच्यांकडे कसं बघायचं ते कळतं. त्यासाठी ट्रायम्फ सोयीची आहे.

बॉनव्हिल टी१२० ही १९५९ च्या मॉडेलपासून आली. त्या पहिल्या वर्षी पुढे एकच नळी होती आणि इंजिन व गिअरबॉक्स वेगवेगळे होते. याला ‘प्री-युनिट’ म्हणतात. म्हणजे फ्रेममध्ये गिअरबॉक्स स्वतंत्रपणे धरायची जागा हवी. १९६० मध्ये डुप्लेक्स फ्रेम आली आणि नंबरच्या आधी ‘डी’ अक्षर आलं, सुरुवात डी१०१ पासून. पण सुरुवातीच्या डुप्लेक्स फ्रेम हेडस्टॉकजवळ तुटायला लागल्या, म्हणून टाकीखाली आणखी एक आडवी नळी घालून त्या मजबूत केल्या गेल्या. हातातल्या डुप्लेक्स फ्रेमला ही नळी नसेल, तर ती सुरुवातीच्या काळातली असू शकते. अशी फ्रेम घेताना हेडस्टॉकखालचा भाग भिंगातून बघा.

१९६३ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात आले, म्हणजे ‘युनिट’ इंजिन. फ्रेम नवीन, पुढे पुन्हा एकच नळी आणि मागचा भाग बोल्टने जोडलेला. नंबरची अक्षरं ‘डीयू’ झाली. (धातूवर ही सगळी अक्षरं रोमन लिपीत असतात, हे लक्षात असू द्या.) इथून पुढे हिशोब सरळ आहे. १९६३ चं मॉडेल डीयू १०१ पासून, १९६४ चं डीयू ५८२५ पासून, १९६५ चं डीयू १३३७५ पासून, १९६६ चं डीयू २४८७५ पासून, १९६७ चं डीयू ४४३९४ पासून आणि १९६८ चं डीयू ६६२४६ पासून. १९६९ चं मॉडेल डीयू ८५९०४ पासून सुरू झालं आणि डीयू ९०२८२ ला ही मालिका संपली.

समजा, एकच पुढची नळी असलेली, मागचा भाग बोल्टने जोडलेली फ्रेम आहे. हेडस्टॉकच्या डाव्या बाजूला टी१२०आर आणि डीयू ४८ हजारांतला एक नंबर आहे. आकार युनिट काळाचा, नंबर ४४३९४ च्या पुढचा आणि ६६२४६ च्या आतला. म्हणजे हे १९६७ चं मॉडेल. आकार आणि नंबर एकच गोष्ट सांगतायत, ही चांगली खूण. इथे इंजिनावर आणि फ्रेमवर एकच नंबर असायला हवा, कारण युनिट ६५० गाड्या कारखान्यातून तशाच बाहेर पडत. याला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात आणि किमतीत त्याने मोठा फरक पडतो.

बारा अक्षरांचं कोडं

१९६९ च्या मॉडेलपासून ट्रायम्फ आणि बीएसए या एकाच समूहातल्या कंपन्यांनी नवी पद्धत घेतली. नंबरच्या आधी दोन अक्षरं. पहिलं महिन्याचं, दुसरं मॉडेलच्या सालाचं.

महिन्यांसाठी जानेवारीपासून क्रमाने अशी बारा अक्षरं: ए, बी, सी, डी, ई, जी, एच, जे, के, एन, पी, एक्स. मधली एफ, आय, एल, एम, ओ वगैरे गाळली आहेत. सालासाठी हीच अक्षरं, पण सुरुवात ‘सी’पासून. सी म्हणजे १९६९, डी १९७०, ई १९७१, जी १९७२, एच १९७३, जे १९७४, के १९७५, एन १९७६, पी १९७७, एक्स १९७८ आणि मग पुन्हा ए म्हणजे १९७९, बी १९८०. बीएसएसाठी एवढं पुढे जावं लागत नाही, कारण ती कंपनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कोसळली.

आता यातली गंमत बघा. ‘एनसी’ म्हणजे काय? एन म्हणजे ऑक्टोबर, सी म्हणजे १९६९. म्हणून ऑक्टोबर १९६९? नाही. ऑक्टोबर १९६८! ब्रिटिश कारखान्यांचा मॉडेलचा हंगाम उन्हाळी सुट्टीनंतर, साधारण ऑगस्टच्या सुमारास सुरू व्हायचा. महिन्याचं अक्षर प्रत्यक्ष महिना सांगतं, दुसरं अक्षर हंगाम सांगतं. म्हणून पहिलं अक्षर ऑगस्ट ते डिसेंबरमधलं असेल, तर कॅलेंडरचं साल एकाने मागे घ्यायचं. इंटरनेटवरच्या जाहिरातींमध्ये या एका गोष्टीने किती गाड्या एक वर्षाने तरुण झाल्या असतील, कोण जाणे.

याच काळात ट्रायम्फने आणखी एक शहाणपण केलं. इंजिनावर जिथे नंबर ठोकायचा, त्या चौकोनावर कंपनीच्या नावाचे छोटे उठावदार ठसे ओळीने ओतले. जुना नंबर घासला की ठसेही घासले जातात. १९७० ची म्हणून सांगितलेली गाडी असेल आणि हा चौकोन गुळगुळीत असेल, तर हात आखडता घ्या.

१९७१ ची फ्रेम मात्र लांबूनही ओळखू येते. वरची कण्याची नळी मनगटापेक्षा जाड, कारण इंजिन ऑइलसाठी वेगळी टाकी न ठेवता ऑइल त्या नळीतच भरलं होतं. ‘ऑइल-इन-फ्रेम’ म्हणून ती ओळखली जाते. बीएसए आणि ट्रायम्फ दोघांच्या ६५० गाड्यांना जवळपास तीच फ्रेम मिळाली. तिची ड्रॉइंग्ज कारखान्यात उशिरा पोचली, उत्पादन रखडलं आणि सीट इतकी उंच झाली की कमी उंचीच्या लोकांचे पाय जमिनीला टेकेनात. पुढे ती सुधारली गेली. रिस्टोरेशनच्या दृष्टीने तिची एक खास अट आहे. अशी फ्रेम सँडब्लास्ट केली आणि वाळूचे कण नळीत राहिले, तर ते ऑइलबरोबर थेट बेअरिंगमध्ये जातात. आधी सगळी तोंडं बंद करा, नंतर आतून पुन्हा पुन्हा धुवा.

बीएसए: नंबर जुळत नाही म्हणजे खोटं असं नाही

ट्रायम्फवरून शिकलेला माणूस बीएसएपाशी पहिल्यांदा अडखळतो. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बीएसएचे इंजिन नंबर आणि फ्रेम नंबर मुळातच वेगळे असायचे. जुळत नाहीत म्हणून चांगली गाडी सोडून देणारे लोक आहेत. आणि जुळवण्यासाठी मूळ नंबर घासून नवा ठोकणारे महाभागही!

गोल्ड स्टार ही बीएसएची सगळ्यात नावाजलेली सिंगल सिलिंडर गाडी. १९५४ पासूनच्या तिच्या स्विंगआर्म फ्रेमवर नंबरआधी ‘सीबी३२’ असतं. ३२ म्हणजे ३५० सीसी, मग ५०० च्या गाडीवर हे कसं? तर दोन्ही इंजिनांना हीच फ्रेम आणि हीच अक्षरं होती. ५०० चं इंजिन स्वतःवर ३४ मिरवतं, उदाहरणार्थ डीबीडी३४जीएस. दुसरा गोंधळ ‘सी’ अक्षराचा. बीएसएचं पहिलं अक्षर त्या मालिकेची सुरुवात कोणत्या हंगामात झाली ते सांगतं, प्रत्येक गाडीचं साल नव्हे. सीबी३२ मालिका १९५४ ला सुरू झाली आणि गोल्ड स्टार बंद होईपर्यंत, म्हणजे १९६३ पर्यंत चालली. त्यामुळे इथे साल अक्षरावरून नाही, पुढच्या आकड्यावरून काढावं लागतं.

याच कुटुंबातली साधी, कामावर जायची गाडी म्हणजे बी३१. तिच्या फ्रेमवर सीबी३१. एका आकड्याचा फरक! एकाचा दोन करायला कितीसा वेळ लागतो? म्हणून गोल्ड स्टारच्या फ्रेमची खालची उजवी नळी बघतात. ऑइल पंपाच्या घराला जागा मिळावी म्हणून तिला तिथे एक बाक दिलेला आहे. ६५० सीसी ए१० च्या साध्या फ्रेमला तो नसतो. १९६२-६३ मध्ये थोड्याच बनलेल्या रॉकेट गोल्ड स्टारलाही हा बाक आहे, आणि ए१० पासून बनवलेल्या नकली रॉकेट गोल्ड स्टार जगभर फिरतायत, तेव्हा ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पण प्रत्येक नकल आकारावरून पकडता येत नाही. ट्रायम्फची टीआर६ आणि टी१२० घ्या. एकीला एक कार्बोरेटर, दुसरीला दोन. फ्रेम तीच. टीआर६ चं ‘टी१२०’ करून विकलेली फ्रेम कितीही न्याहाळली तरी काही सांगणार नाही. तिथे कारखान्याची डिस्पॅच नोंदवही लागते. अमुक नंबरची गाडी अमुक मॉडेल म्हणून अमुक तारखेला अमुक विक्रेत्याकडे गेली, अशा या नोंदी. ब्रिटनमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबच्या ग्रंथालयात बीएसए, ट्रायम्फसह अनेक कंपन्यांच्या अशा नोंदी जपल्या आहेत आणि त्यावरून शुल्क घेऊन दाखला मिळतो. तुमची गाडी महाग असेल तर हा खर्च आधी करा, रंगाचा नंतर.

नॉर्टनची फेदरबेड आणि तिची दत्तक इंजिनं

बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी आखलेली फेदरबेड फ्रेम १९५० साली रेसिंगमध्ये उतरली. हॅरोल्ड डॅनियल या रेसरने ती पिसांच्या गादीसारखी वाटते म्हटलं आणि नाव पडलं. वरच्या दोन नळ्या सीटपर्यंत रुंदच असतील तर ‘वाइडलाइन’. सीटच्या पुढे, गुडघे येतात तिथे आत दाबलेल्या असतील तर ‘स्लिमलाइन’, म्हणजे १९६० आणि नंतरची. एवढ्यावर निम्मं काम होतं.

मात्र फेदरबेड दिसली म्हणजे नॉर्टनच दिसेल असं नाही. रेसिंगच्या मँक्स नॉर्टन गाड्या त्यातलं इंजिन छोट्या रेसिंग कारमध्ये बसवण्यासाठी विकत घेतल्या जात. मागे उरायची ती जगातली उत्तम फ्रेम, इंजिनाविना. त्यात ट्रायम्फचं इंजिन बसवलं की झाली ‘ट्रायटन’. पुढे साध्या रस्त्यावरच्या नॉर्टनच्या फ्रेमही यासाठी वापरल्या गेल्या. अशा गाडीच्या कागदांवर दोनपैकी कुठलंही नाव असू शकतं.

नंबर वाचायचा कसा?

ग्राइंडर, वायर ब्रश लावलेलं ड्रिल, सँडब्लास्टिंग यातलं काहीही नंबरच्या जागी नको. रंग काढायचं रसायन, चिंधी आणि धीर पुरतो. ट्रायम्फ ६५० आणि बीएसए ए१० वर हेडस्टॉकची डावी बाजू, बीएसए ए६५ वर इंजिन पुढे जिथे बसतं तो डावा लग, या ठरलेल्या जागा. मग खोलीतला दिवा बंद करून टॉर्च आडवा धरा. सरळ उजेडात न दिसणारी खाच तिरक्या उजेडात दिसते. आरटीओत किंवा विम्यासाठी चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट काढतात ना, तोच इथेही काढा. पातळ कागदावर पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा फोटोपेक्षा खरं बोलतो.

त्या काळी नंबर हातोडी मारूनच ठोकत. त्यामुळे एखादा आकडा वर-खाली, एखादा तिरका असणं स्वाभाविक आहे. संशय यावा तो वेगळ्याच गोष्टींचा: नंबरखालचा पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा खोल आहे, फाईलचे ओरखडे आहेत, वेल्डिंगने भरल्याचा फुगवटा आहे, किंवा एकाच ओळीत आकड्यांचं वळण वेगळं आहे. धातूवर ठोकताना खालचे थरही दाबले जातात, म्हणून घासलेला नंबर अ‍ॅसिडने उठवता येतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा हेच करतात. ते घरी करायचं काम नाही.

नंबरच नसेल तर? लगेच चोरीची म्हणू नका. कारखाने बदली फ्रेम नंबर न ठोकता द्यायचे, विक्रेत्याने जुना नंबर त्यावर ठोकायचा अशी रीत होती. सिद्ध करायची जबाबदारी मात्र तुमची.

आणि हो, पूर्ण नंबर उघडपणे पोस्ट करू नका. शेवटचे दोन आकडे झाका. साल त्याशिवायही सांगता येतं, आणि तुमचा नंबर दुसऱ्या फ्रेमवर ठोकला जायची शक्यता कमी होते.

एका गाडीच्या तीन तारखा

बनली कधी, कारखान्यातून निघाली कधी आणि रस्त्यावर नोंदली गेली कधी, या तिन्ही वेगळ्या असू शकतात. अमेरिकेत गेलेली ट्रायम्फ शोरूममध्ये पडून राहून पुढच्या वर्षी विकली गेली, तर कागदावर पुढचं साल. शिवाय अमेरिकेतल्या अनेक राज्यांत जुन्या मोटरसायकलींचे कागद इंजिन नंबरवर बनायचे. तिथून आणलेल्या गाडीचा कागद बरोबर असूनही फ्रेम दुसरीच असू शकते.

भारतात हे अंतर आणखी वाढतं. दुसऱ्या महायुद्धात बीएसए एम२०, नॉर्टन १६एच, मॅचलेस जी३/एल अशा गाड्या ब्रिटिश आणि राष्ट्रकुल सैन्यांसाठी बनल्या. एकट्या एम२० ची संख्या सव्वा लाखाच्या घरात. लष्करी वर्कशॉपमध्ये गाडी चालू करणं महत्त्वाचं, नंबर जुळवणं नव्हे. या इंजिनात ती फ्रेम, त्या फ्रेमला तिसरीचं चाक. युद्धानंतर लिलावात निघालेली अशी गाडी आरसी बुकात १९५० च्या दशकातली दिसू शकते, आणि फ्रेम मात्र १९४२ ची. रिजिड मागचा भाग, साइडकारसाठीचे लग आणि ठोकलेला नंबर यावरून तिचं खरं वय काढावं लागतं.

आणि आपल्याकडचा नियम

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी ही गाडी चालवता येत नाही. यातली कळीची अट म्हणजे चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

म्हणजे फ्रेमचा मागचा भाग कापून छोटी सीट बसवलेली, नाहीतर साइडकारचे लग घासून काढलेली गाडी तुमच्याकडे आली असेल, तर दुरुस्ती सुरू होण्याआधीच विचार हवा. कापलेला भाग परत मूळ मापाने बसवता येतो, बाजारात तसे लगही मिळतात, पण त्यासाठी मूळ फ्रेम कोणत्या सालची ते पक्कं ठाऊक असावं लागतं. नंबरची जागा मात्र आहे तशी राहू द्या. तिथे पावडर कोटिंगचा जाड थर देऊ नका. पातळ रंग मारा, इतका की तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याने बोट फिरवलं तरी आकडे हाताला लागावेत. आणि रंग मारण्याआधी काढलेला तो पेन्सिल प्रिंट, जुन्या अवस्थेतले फोटो आणि क्लबचा दाखला मिळाला असेल तर तो, हे सगळं आरसी बुकाच्या त्याच फाइलमध्ये ठेवा.